ठासणीची शिकारी रायफल : गोळी व दारू

नळीच्या तोंडातून दारू व गोळी भरून गजाने ठासावयाच्या रायफलीत गोळीचा आकार, दारूचे माप आणि नळीतील सर्पिल खोबणींचा पीळ यांचा मेळ बसावा लागतो. शिशाची गोल गोळी तेलकट कापडाच्या चकतीत गुंडाळून भरतात. चकती खोबणींत घट्ट बसून गोळीस फिरकी देते. पीळ जलद व दारू जास्त असल्यास गोळी खोबणी सोडून घसरते व नेम चुकतो. म्हणून गोल गोळीस मंद पीळ, तर लांबट गोळीस जलद पीळ व तिच्या वजनाच्या मानाने कमी दारू योग्य ठरते.

गोल गोळीचे वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. व्यास दीडपट केल्यास वजन सु. ३·४ पट होते. मध्य भारतात शिकार केलेले ब्रिटिश लष्करी अधिकारी जेम्स फॉरसिथ यांनी द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स (१८६३) या ग्रंथात मोठी गोल गोळी, मंद पीळ व भरपूर दारू यांचा पुरस्कार केला. जंगलात अंतर अजमावण्यास वेळ नसतो. वेगवान गोळीचा मार्ग जवळच्या पल्ल्यात बराचसा सपाट राहतो. त्यामुळे अंदाज थोडा चुकला, तरी जनावर केवळ जखमी होऊन निसटण्याचा संभव घटतो.

दारू ठराविक मापाने भरतात. गोळी दारूवर घट्ट टेकली पाहिजे. मध्ये पोकळी राहिल्यास नळी फुगण्याचा वा फुटण्याचा धोका असतो. काळ्या दारूसाठी बनविलेल्या नळीत धूम्रहीन दारू भरणे प्राणघातक ठरते.

भारतात वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन्य प्राण्यांची शिकार निषिद्ध आहे.