पाण्याखालचा मुलूख

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील टेनेसी नदी केंटकी राज्यातून उत्तरेकडे वाहत जाऊन ओहायो नदीला मिळते. या संगमाच्या अलीकडे सुमारे ३५ किलोमीटरांवर केंटकी धरण आहे. त्याच्या बांधकामास १९३८ साली आरंभ झाला व १९४४ साली ते पुरे झाले. धरणामागे नदीचे पाणी जवळजवळ ३०० किलोमीटर लांबवर पसरले. पुढे १९६६ साली शेजारच्या कंबरलंड नदीवर बार्कली धरण पुरे झाले आणि हे दोन्ही जलाशय एका कालव्याने जोडले गेले.

या जलाशयांत क्रॅपी नावाचा मासा विपुल आहे. त्याचे अंग रुपेरी व चपटे असून त्यावर काळसर ठिपके असतात. लांबीने तो साधारणतः वीतभर किंवा थोडा अधिक भरतो. चवीला तो उत्तम असल्यामुळे गळ टाकून त्याला पकडण्यास लोक दुरून येतात. परंतु एवढ्या अफाट पाण्यात त्याला शोधावे कोठे? वरून पाहणाऱ्यास सर्व पाणी सारखेच दिसते. नवखा मनुष्य मन मानेल तेथे गळ टाकतो आणि सायंकाळी रिकाम्या हाताने घरी परततो. जाणता मनुष्य मात्र ठराविक जागी नाव उभी करतो, आणि थोड्याच वेळात त्याच्या गळाची दोरी ताणली जाते. हा नशिबाचा खेळ नव्हे. पाण्याखाली काय आहे, हे त्याला ठाऊक असते.

जलाशय होण्यापूर्वी येथे शेते, रस्ते, ओढे व वस्त्या होत्या. बर्मिंगहॅम नावाचे एक गाव तर या पाण्याखाली गेले. तेथील माणसांना आपली घरे सोडून जावे लागले. पाणी उतरले म्हणजे त्या गावातील घरांचे पाये आजही दृष्टीस पडतात. तसेच नदीचे जुने पात्र, ओढ्यांचे काठ आणि वृक्षांचे बुंधे तळाशी अद्याप आहेत. क्रॅपीला उघड्या तळापेक्षा असा आडोसा प्रिय असतो. तेथे लहान मासे आश्रयाला येतात, म्हणजे त्याला भक्ष्य मिळते. शिवाय मोठ्या माशांपासून त्याचे स्वतःचेही रक्षण होते. म्हणून धरणापूर्वीचा नकाशा हा मासे धरणाऱ्याचा मोठा सोबती होय. पूर्वी लोक दोरीला वजन बांधून तळाचा ठाव घेत. आता ध्वनिलहरी तळापर्यंत पाठवून त्यांच्या प्रतिध्वनीवरून खोली सांगणारी यंत्रे नावेवर असतात. जेथे तळ एकाएकी खोल होतो, तेथे जुन्या प्रवाहाचा काठ आहे असे समजावे.

तथापि एकच जागा बारा महिने उपयोगी पडत नाही. हिवाळ्यात क्रॅपीचे घोळके खोल पाण्यात स्तब्ध राहतात. वसंत ऋतूत उथळ खाड्यांचे पाणी आधी तापते. पाण्याची उष्णता १६ ते २० अंश सेल्सिअसच्या सुमारास पोहोचली, की हे मासे अंडी घालण्यासाठी काठाजवळ येतात. हिवाळ्यात पुराच्या पाण्यास जागा राहावी म्हणून जलाशयाची पातळी सुमारे दीड मीटर उतरवलेली असते. वसंतात ती पुन्हा चढवली जाते, तेव्हा काठावरची झुडपे पाण्यात बुडतात आणि माशांना नवा आसरा मिळतो. उन्हाळा कडक झाला, की ते पुन्हा जुन्या पात्राच्या काठाकडे वळतात. शरद ऋतूत लहान माशांच्या मागोमाग ते खाड्यांत शिरतात.

जागा सापडली तरी काम संपत नाही. क्रॅपी बहुधा आपल्या वरच्या बाजूचे भक्ष्य टिपतो. म्हणून आमिष त्याच्या किंचित वर ठेवावे लागते. त्याचे ओठही फार नाजूक असतात. गळ हिसडून ओढला तर ओठ फाटतो व मासा निसटतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. वसंतात नर मासा तळाशी घरटे करतो, आणि मादीने अंडी घातल्यावर ती फुटेपर्यंत त्यांची राखण करतो. या काळात तो काठाजवळच असतो, म्हणून सहज हाती लागतो. अशा वेळी हाव धरली तर पुढल्या पिढीचीच हानी होते. याकरिताच किती मासे न्यावेत व किती लांबीचे न्यावेत, याविषयी तेथे नियम केलेले आहेत. लहान मासा गळाला लागला, तर तो पाण्यात परत सोडावा लागतो. ज्याला माशाचे घर ठाऊक झाले, त्याच्यावर ते घर राखण्याची जबाबदारीही येते. खरा जाणता मनुष्य पुरेसे मासे मिळताच गळ गुंडाळतो आणि नाव काठाकडे वळवतो.