दाढेखालचे हाड आणि सीलबंद पाकीट

मुदखेडहून नांदेडला दाताच्या डॉक्टरकडे गेलेला पेशंट इम्प्लांटला किती हजार लागतील, हे हमखास विचारतो. हिरडीखालचे हाड झिजले असेल, तर आधी तिथे हाडाची भुकटी भरावी लागते. ती भुकटी कुठली, हे मात्र क्वचितच कुणी विचारते.

ती पेशंटच्याच जबड्याच्या हाडाची असू शकते, मानवी दात्याच्या किंवा जनावराच्या (बहुधा गाईबैलाच्या) हाडाची असू शकते, किंवा कृत्रिम. जनावराचे हाड चालणार नसेल, तर तसे आधीच सांगावे. त्यात संकोच कसला?

दात्याच्या हाडाचे काम आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची ऊतिपेढी १९८८पासून करते. अशा पेढीत दात्याच्या रक्ताची एचआयव्ही, हिपॅटायटिस वगैरेंसाठी तपासणी होते. हाड स्वच्छ धुऊन, गोठवून वाळवतात, पाकिटात सील करतात आणि मग कोबाल्ट-६०च्या गॅमा किरणांखाली धरतात. प्रचलित मात्रा २५ किलोग्रे. किरणे बंद पाकिटातून आरपार जातात, पण आतला माल किरणोत्सारी होत नाही. सलाइनच्या नळ्या, सिरिंज अशाच निर्जंतुक करणारा ‘आयसोमेड’ प्रकल्प ट्रॉम्बेला १९७४मध्ये सुरू झाला.

ही पायरी किती मोलाची, ते अमेरिकेत २०२३ साली दिसले. तिथे जिवंत पेशी असलेले हाडाचे साहित्य वापरले गेले. किरणे दिली तर पेशी मरतात, म्हणून ती देता येत नाहीत. एका दात्याच्या हाडात क्षयाचे जंतू निघाले. ते ३६ जणांना बसवले गेले होते. त्यांत दाताच्या दवाखान्यांतले पेशंटही होते. दोघे दगावले.

किरणे दिलेले पाकीट निर्जंतुक असते, पण फोडेपर्यंतच. ते जखम तयार झाल्यावरच उघडायचे. बाहेरचे वेष्टन मदतनीसाने फोडायचे, आतली कुपी निर्जंतुक हातमोजे घातलेल्या हाताने उचलायची. भुकटी निर्जंतुक वाटीत सलाइनने भिजवायची. तिला थुंकी लागू द्यायची नाही, कारण तोंड म्हणजे जंतूंचे घरच. खरा मोह होतो तो उरलेल्या भुकटीचा. अर्धा ग्रॅम उरला, महागाचा माल, ऑटोक्लेव्हमध्ये घालून उद्या दुसऱ्याला वापरू, असे वाटू शकते. पण १२१ अंशांच्या वाफेत हाडातली प्रथिने बिघडतात आणि भुकटीचा गुण जातो. शिवाय एका पेशंटचे रक्त लागलेली भुकटी दुसऱ्याच्या जबड्यात कशी भरायची? उरलेली टाकूनच द्यावी लागते.

वाळवलेल्या हाडाला सहसा फ्रीज लागत नाही, ही वारंवार वीज जाणाऱ्या गावात मोठीच सोय. तरी नांदेडच्या मे महिन्यात पार्सल बंद गाडीत दिवसभर पडले, तर पाकिटावर छापलेली तापमानाची मर्यादा सहज ओलांडली जाते.

पाकिटासोबत बॅच क्रमांकाची चिकटपट्टी येते. तिची एक प्रत केसपेपरवर लावलेली असावी. पेशंटने तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला तरी हरकत नाही. अमेरिकेत त्या ३६ जणांपर्यंत पोहोचता आले, ते अशाच नोंदींमुळे.