रोजा, तौबा आणि अमेरिकेची पहिली पाने

रमजान आला की अमेरिकेतल्या एका जेवणाची गोष्ट हमखास कुठे ना कुठे छापून येते. 9 डिसेंबर 1805 रोजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी ट्युनिसचे राजदूत सिदी सुलेमान मेल्लीमेल्ली यांना जेवायला बोलावले होते. तेव्हा त्यांच्याकडे जेवणाची वेळ दुपारी साडेतीनची असे. पाहुण्यांचा रोजा, म्हणून निमंत्रणात ती सूर्यास्ताची करण्यात आली. पुढे स्वतः राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन क्विन्सी ॲडम्स त्या रात्री हजर होते. त्यांच्या रोजनिशीत नोंद आहे, की पाहुणे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने आले आणि यजमानांना भेटताच चिलीम ओढायला बाजूला जाण्याची गोष्ट त्यांनी काढली. रोजा सुटताच आधी तंबाखू आठवणारी माणसे आजही प्रत्येक मोहल्ल्यात आहेत.

या जेवणाला पहिली इफ्तार पार्टी म्हणण्याची हौस अनेकांना आहे. ती जरा आवरलेली बरी. ट्युनिसची जहाजे अमेरिकी आरमाराने पकडली होती, तो तंटा मिटवायचा होता, आणि पाहुण्यांची सोय पाहणे ही यजमानाची रीत होती, इतकेच. मात्र उपवास म्हणजे काय हे जेफरसन यांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्यांच्या देशाचे सुरुवातीचे साहित्य बरेचसे उपवासाच्या दिवशीच जन्मले होते.

1620 पासून मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर उतरलेले प्युरिटन लोक नाताळसुद्धा साजरा करत नसत. पण दुष्काळ पडला, साथ आली, लढाईत हार झाली की सरकार उपवासाचा दिवस जाहीर करी. त्या दिवशी कामधंदा बंद. सगळ्यांनी चर्चमध्ये जमायचे आणि आपल्याच पापांचा हिशेब तासन्‌तास ऐकायचा. ही प्रवचने छापली जात आणि घरोघर वाचली जात. इंग्रजांच्या या वसाहतींत छापलेले पहिले पुस्तक 1640 चे. तेही स्तोत्रांचेच होते.

यातला एक उपवास विसरता येण्याजोगा नाही. 1692 मध्ये सेलम गावात चेटूक केल्याच्या आरोपावरून 19 जणांना फाशी देण्यात आली. आरोपीची छाया येऊन आपल्याला छळते, असे कुणी सांगितले तर न्यायालय तोही पुरावा धरत होते. पाच वर्षांनी, 14 जानेवारी 1697 रोजी, या प्रकरणातल्या चुकीबद्दल वसाहतीने उपवास पाळला. त्या दिवशी न्यायाधीशांपैकी एक असलेले सॅम्युएल स्यूअल भर चर्चमध्ये उभे राहिले. त्यांचा कबुलीजबाब पाद्र्याने वाचून दाखवला. दोष आणि लाज आपली आहे, असे त्यात होते. वाचून होईपर्यंत ते उभेच होते.

तौबा खरी की तोंडदेखली, हे नंतरच्या वागण्यावरून कळते. 1700 मध्ये स्यूअल यांनी छोटी पुस्तिका छापली. तिचे नाव ‘जोसेफची विक्री’. जोसेफ म्हणजे हजरत यूसुफ, ज्यांच्या नावाची अख्खी सूरह कुरआनात आहे. भावांना यूसुफला विकण्याचा हक्क नव्हता, तसाच तो कुणालाच कुणाला विकण्याचा नाही, सगळे आदमची लेकरे, असा स्यूअल यांचा युक्तिवाद. न्यू इंग्लंडमध्ये गुलामगिरीविरुद्ध छापलेले हे पहिले लेखन मानतात. पण काळे लोक गोऱ्यांच्या समाजात कधीच मिसळू शकणार नाहीत, हेही याच पुस्तिकेत आहे. तौबा झाली, ती अर्ध्या वाटेपर्यंत.

धर्म एका बाजूला आणि बुद्धी दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी या काळात करायला गेले की फसगत होते. सेलमच्या खटल्यांची पुस्तक लिहून तरफदारी करणारे पाद्री कॉटन मेथर 1721 मध्ये बोस्टनमध्ये देवीची साथ आली तेव्हा टोचणीच्या बाजूने उभे राहिले. ही युक्ती त्यांना ओनेसिमस नावाच्या आफ्रिकन गुलामाने सांगितली होती; त्याला स्वतःला लहानपणीच मायदेशी टोचलेले होते. टोचलेल्या सुमारे 240 जणांत 6 दगावले. एरवी त्या साथीत 844 माणसे गेली. तरी मेथर यांच्या घरात रात्री पेटता बॉम्ब फेकला गेला, सुदैवाने तो फुटला नाही. टोचणीविरुद्ध रान उठवणारे वर्तमानपत्र पाद्र्यांची खिल्ली उडवणाऱ्या जेम्स फ्रँकलिन यांचे होते. तिथे उमेदवारी करणारा त्यांचा पंधरा वर्षांचा भाऊ म्हणजे बेंजामिन.

हाच बेंजामिन फ्रँकलिन पुढे विजेवर प्रयोग करणारा, चमत्कारांवर फारसा विश्वास नसलेला बुद्धिवादी म्हणून जगाला माहीत झाला. पण 1747 मध्ये लढाईचे सावट आले तेव्हा पेनसिल्व्हेनियात उपवासाचा दिवस पाळावा, ही सूचना त्यानेच केली आणि जाहीरनाम्याचा मसुदाही त्यानेच लिहिला. लहानपणी बोस्टनमध्ये दरवर्षी ऐकलेली भाषा कामी आली. जेफरसन यांचेही तसेच. 1774 मध्ये इंग्रजांनी बोस्टन बंदर बंद केले, तेव्हा व्हर्जिनियाच्या लोकांना जागे करण्यासाठी त्यांनी व सोबत्यांनी जुन्या प्युरिटन ठरावांची पुस्तके चाळली, शब्द थोडे आधुनिक केले आणि 1 जूनचा उपवास जाहीर करवला. म्हातारपणी आत्मवृत्तात त्यांनी हे मिश्कीलपणे सांगितले आहे. मात्र राष्ट्राध्यक्ष झाल्यावर उपवास जाहीर करायला ते तयार झाले नाहीत. उपवास कधी करायचा हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेने ठरवावे, सरकारने नव्हे, ही त्यांची भूमिका होती. 1786 चा व्हर्जिनियाचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा त्यांनीच लिहिलेला. त्याच्या छायेत ज्यू, ख्रिश्चन, मुसलमान आणि हिंदूही येतात, असे त्यांनी नाव घेऊन नोंदवले आहे. कुरआनचे इंग्रजी भाषांतर तर त्यांनी 1765 मध्ये, कायद्याचे शिक्षण घेत असतानाच विकत घेतले होते.

आणि याच जेफरसन यांच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम होती. बुद्धिवाद इथे येऊन अडतो.

फ्रँकलिन यांच्याकडेही गुलाम होते. त्यांच्या वर्तमानपत्रात गुलामविक्रीच्या जाहिराती येत. पण शेवटी ते बदलले. 1790 च्या फेब्रुवारीत गुलामगिरीविरोधी संस्थेचे अध्यक्ष म्हणून त्यांच्या सहीचा अर्ज काँग्रेसपुढे आला. जॉर्जियाचे जेम्स जॅक्सन यांनी धर्मग्रंथाचा आधार देत गुलामगिरीची बाजू मांडली. मार्चमध्ये फ्रँकलिन यांनी उत्तर छापले. ते होते अल्जीयर्सच्या सिदी मेहमत इब्राहिम नावाच्या काल्पनिक दरबाऱ्याचे भाषण. ख्रिश्चन गुलामांना सोडले तर या उन्हात आमची शेते कोण कसणार, आमच्याकडे ते सुखातच आहेत, आमचा ग्रंथही मना करत नाही, असे तो ठासून सांगतो. सगळे मुद्दे जॅक्सन यांचेच, फक्त पागोटे बदललेले. मुस्लिम वाचकाला हा लेख थोडा टोचतो, आणि टोचू द्यावा. अल्जीयर्समध्ये ख्रिश्चन कैद्यांना गुलाम करत, हे खोटे नव्हते. हे छापून आल्यावर महिनाभरातच, 17 एप्रिलला फ्रँकलिन वारले.

त्यांचा मुसलमान कल्पनेतला होता. कुरआन मुखोद्गत असलेली खरीखुरी माणसे त्या वेळी अमेरिकेच्याच शेतांत राबत होती. सेनेगल नदीकाठच्या फुता तोरो प्रदेशात पंचवीस वर्षे विद्या शिकलेले उमर इब्न सईद 1807 मध्ये साखळदंडात चार्ल्स्टनला उतरले. मालकाकडून पळाले, नॉर्थ कॅरोलिनात पकडले गेले आणि तुरुंगाच्या भिंतीवर कोळशाने अरबी लिहू लागले. 1831 मध्ये त्यांनी अरबीत छोटे आत्मवृत्त लिहिले. त्याची सुरुवात त्यांनी सूरह मुल्कने केली. सारे राज्य, सारी मालकी अल्लाहची, हा तिचा आशय. दुसऱ्याच्या मालकीत असलेल्या माणसाने हीच सूरह का निवडली असावी, हे वेगळे सांगायला नको. त्यांचा बाप्तिस्मा झाला होता. मनात कोणता धर्म होता यावर अभ्यासक अजून वाद घालतात. 1864 च्या सुमारास ते गुलामीतच वारले.

जॅक्सन यांच्या जॉर्जियात, सेंट सायमन्स बेटावर, सालिह बिलाली हे मळ्याचे मुकादम होते आणि स्वतः गुलामही. त्यांच्या मालकाने 1838 च्या पत्रात लिहून ठेवले आहे, की हा माणूस दारूला शिवत नाही आणि रमजानचे उपवास कटाक्षाने पाळतो. जवळच्या सॅपलो बेटावर दुसरे एक बिलाली होते, तेही मुकादम. वुजू आणि नमाजचे नियम आठवून आठवून लिहिलेली त्यांची तेरा अरबी पाने जॉर्जिया विद्यापीठात जपलेली आहेत. 1930 च्या दशकात संशोधकांनी त्यांच्या वंशजांना जुन्या आठवणी विचारल्या. नमाजचे शब्द बहुतेक हरवले होते. पण एका म्हातारीला आठवत होते, की तिची आजी वर्षातल्या एका ठरावीक दिवशी तांदूळ रात्रभर भिजवून, उखळात मुसळाने कांडून, त्यात मध घालून चपट्या वड्या करायची आणि मुलांना द्यायची. त्या वड्यांना ती ‘सराका’ म्हणायची. हा शब्द सदक्याचाच.