लाकडी प्राणी कापण्याआधी रेषा पाहा

आमचा धंदा कापडाचा. लाकडाशी आमचा संबंध दुकानातल्या गजापुरताच. तरीही या वेळी स्क्रोल सॉ या यंत्राविषयी लिहीत आहोत. आमच्या नात्यातल्या एका होतकरू तरुणाने हे यंत्र घेतले आणि पहिल्याच खेपेला सागाच्या फळीतून १२ हरणे कापली. हरणे सुरेख होती. पण गिऱ्हाइकाकडे पोहोचेपर्यंत ७ हरणांचे पाय मोडले. माल परत आला, लाकूड आणि मेहनत दोन्ही वाया गेले.

आम्ही तुकडे हातात घेऊन पाहिले. फळीच्या रेषा आडव्या होत्या आणि पाय उभे. कापड ताण्याच्या आणि बाण्याच्या दिशेने सारखे ताणत नाही, हे आपण जाणतोच. लाकडाचेही तसेच आहे. रेषेच्या दिशेने ते मजबूत असते, रेषेला आडवा कापलेला बारीक भाग मात्र चटकन तुटतो.

म्हणून नवशिक्याने प्राणी निवडतानाच विचार करावा. हत्ती सर्वांत सोयीचा. त्याचे पाय जाड, शिवाय पाय आणि सोंड दोन्ही उभ्या. रेषा उभी ठेवली की काम झाले. उंटाची मान आणि पायही उभेच. मासा आणि मगर यांना रेषा आडवी, म्हणजे लांबीच्या दिशेने हवी. हरणाचे पाय उभे आणि शिंगे बाजूला पसरलेली, तेथे एकच रेषा दोघांना पुरत नाही. असा प्राणी चांगल्या प्लायवुडमधून कापावा, कारण प्लायचे थर एकमेकांवर उभे-आडवे चिकटवलेले असतात.

आता यंत्राविषयी. यात पाते जागच्या जागी वर-खाली चालते, लाकूड आपण फिरवायचे असते. पाते साधारण ५ इंच लांबीचे. लावताना दाते खालच्या दिशेला असावेत. अर्धा ते पाऊण इंची लाकडाला ५ नंबरचे पाते पुरते. पाते ताठ हवे, बोटाने छेडल्यास तारेसारखे वाजले पाहिजे. लाकूड जोराने ढकलू नये. पाते वाकते, कापणी तिरकी जाते. नक्षीच्या कागदावर रुंद चिकटपट्टी लावली तर कड कमी जळते. नाजूक भाग शेवटी कापावा, तोपर्यंत भोवतालचे लाकूड त्याला आधार देते. डोळ्यांवर चष्मा, नाकावर मास्क असावा आणि बाही सैल नसावी.

एक गोष्ट व्यापाराची. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे झाले आहे. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्या कार्यालयात नोंदणी असलेल्या कारागिराने स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. तेव्हा खेळणी विकायची असतील तर नोंदणी आधी, ऑर्डर नंतर.

प्राण्यांच्या आकृतीविषयी कोणाच्या मनात शंका असेल तर त्यांनी आपल्या आलिमसाहेबांना विचारावे. वेलबुट्टी कापतानाही रेषेचा नियम हाच आहे.

त्या तरुणाला आम्ही एवढेच सांगितले: उरलेल्या फळीतून आता हत्ती काप, आणि गिऱ्हाइकाला देण्याआधी प्रत्येक पाय स्वतःच्या हाताने ताणून पाहा.