ट्रान्झिट कॅम्पचा पत्ता आणि मुलांची शिष्यवृत्ती

विक्रोळीच्या कन्नमवारनगरातील संक्रमण शिबिरात आम्हाला राहायला येऊन आता नऊ वर्षे झाली. त्याआधी आम्ही डोंगरीत होतो, पागडीच्या जुन्या इमारतीत. इमारत धोकादायक ठरली, खाली करण्याची नोटीस आली आणि सवलतीच्या भाड्यावर एका खोलीचा गाळा मिळाला. आमच्या मजल्यावर भेंडीबाजार, नागपाडा, मदनपुरा इथून आलेली अशीच कुटुंबे आहेत. 'तात्पुरते' म्हणून सगळे आले. मुले इथेच शाळेत गेली, इथेच दहावी-बारावी झाली.

गेल्या वर्षी आमच्याच मजल्यावरच्या एका मुलीला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला. सरकारी प्रवेशफेरीतून, गुणवत्तेवर. तिचे अब्बा बॅगा शिवण्याच्या कारखान्यात कारागीर. महाडीबीटीवर फीसवलतीचा अर्ज भरला, तो कॉलेजच्या टेबलावरून परत आला. शेरा होता : पत्ता जुळत नाही. आधारवर डोंगरी, उत्पन्नाच्या दाखल्यावर विक्रोळी, रेशनकार्डावर पुन्हा डोंगरी. दुरुस्त करून पाठवला, तर पुन्हा परत आला. तिचे अब्बा थकून म्हणाले, "राहू द्या. खोली सरकारची, आता फीही सरकारने भरायची? लोक काय म्हणतील? पोरीला साध्या बी.कॉम.ला घालतो."

त्या रात्री आम्ही चार घरची माणसे त्यांच्या गाळ्यात बसलो. आमच्यापैकी प्रत्येकाच्या घरात असा एक परत आलेला अर्ज होता. गरिबी सिद्ध करायला कुणालाच अडचण आली नव्हती. सगळे अडले होते ते पत्त्यावर.

सवलतीचे घर आड येते का?

नाही. फीसवलतीच्या अर्जात पाहिले जाते ते कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न, महाराष्ट्रातील अधिवास, प्रवेश कोणत्या मार्गाने झाला आणि गुणपत्रिका. आपण स्वतःच्या घरात राहतो, चाळीत राहतो की संक्रमण गाळ्यात, यावर पात्रता ठरत नाही. काही कुटुंबांना गाळ्याऐवजी विकासकाकडून दरमहा भाड्याचे पैसे मिळतात. ती रक्कम खात्यावर दिसली की दाखला अडेल, अशी भीती त्यांना वाटते. घर गेल्यामुळे होणाऱ्या त्रासापोटी मिळणारे हे संक्रमण भाडे करपात्र उत्पन्न नाही, त्यावर टीडीएस कापायचा नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटले आहे. तेव्हा ही रक्कम लपवण्याची गरज नाही. विचारले तर कशाचे पैसे आहेत ते सांगावे आणि विकासकाचा करार दाखवावा.

आणि तिच्या अब्बांच्या प्रश्नाचे उत्तर असे : संक्रमण गाळा ही खैरात नव्हे. आपल्या इमारतींचा उपकर वर्षानुवर्षे भरला गेला आहे. १९६९ पूर्वीच्या या उपकरप्राप्त इमारतींच्या दुरुस्तीची आणि पुनर्रचनेची व्यवस्था कायद्याने केलेली आहे. शिष्यवृत्तीही नियमाने मिळते. तिथे मेहरबानीचा प्रश्न येत नाही.

पत्त्याची साखळी

डोंगरी मुंबई शहर जिल्ह्यात येते. विक्रोळी मुंबई उपनगर जिल्ह्यात, कुर्ला तालुक्यात. म्हणजे घर बदलले की तहसील कार्यालयही बदलते. उत्पन्नाचा दाखला सध्या राहतो तिथल्या तहसीलदाराकडून घ्यायचा असतो. पण अधिवासाच्या दाखल्यासाठी अनेक वर्षांच्या रहिवासाचा पुरावा लागतो आणि आपली निम्मी वर्षे जुन्या पत्त्यावर गेलेली असतात. या दोन पत्त्यांना जोडणारा कागद हातात नसेल, तर खिडकीमागच्या माणसाला ती दोन वेगळी कुटुंबे दिसतात.

जोडणारे कागद आपल्याकडेच असतात : इमारत खाली करण्याची नोटीस, गाळ्याचे वितरणपत्र, जुन्या खोलीच्या भाडेपावत्या, गाळ्याच्या भाड्याच्या पावत्या, वीजबिल आणि मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले. नोटिशीवर जुना पत्ता असतो, वितरणपत्रावर नवा. हे दोन कागद शेजारी ठेवले की साखळी पूर्ण होते. बहुतेक घरांत कागद अम्मीच सांभाळते, कधी गादीखाली, कधी बिस्किटाच्या डब्यात. त्यांची एक फाइल करावी आणि प्रत्येक कागदाचा मोबाइलवर स्वच्छ फोटो काढून ठेवावा.

जुन्या कागदांपैकी आणखी एक जपावा : आजोबांचा किंवा त्यांच्या भावाबहिणींचा शाळेचा दाखला. अन्सारी, कुरेशी, बागवान अशा ओबीसी यादीतल्या बिरादऱ्यांना जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. इमारत खाली करताना असे कागद रद्दीत गेलेले आम्ही पाहिले आहेत.

कामाचा क्रम

पहिले आधार. आधी कुटुंबप्रमुखाचा पत्ता नव्या जागेचा करून घ्यावा. नंतर बायको-मुलांचा पत्ता कुटुंबप्रमुखाच्या संमतीने बदलता येतो. मुलांच्या नावावर वेगळा पुरावा नसला तरी अडत नाही. मग रेशनकार्डावरचा पत्ता बदलावा.

दुसरे, उत्पन्नाचा दाखला. तो एप्रिल उजाडल्यावर काढावा, कारण जुना दाखला ३१ मार्चला संपतो. निकाल लागल्यावर सेतू केंद्रात जी रांग लागते, तिच्या आधी आपण मोकळे होतो. पगारपत्रक नसलेल्या कारागिराने मालकाकडून मजुरीचे पत्र घ्यावे आणि स्वयंघोषणापत्रात खरा आकडा लिहावा. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड हा उत्पन्नाचा दाखला नव्हे. महाडीबीटीवर तहसीलदाराचाच दाखला लागतो.

तिसरे, बँक खाते. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात. एकाच माणसाची दोन-तीन खाती असतील, तर आधार सीडिंग कोणत्या खात्याला आहे ते बँकेत विचारावे. बंद पडलेल्या खात्याला जोडलेले असेल, तर मंजूर झालेले पैसेही अडकतात.

चौथे, अर्ज भरून थांबू नये. दर आठवड्याला अर्जाची स्थिती पाहावी. 'सेंड बॅक' दिसले की मुदतीत दुरुस्त करून पाठवावा. अनेक अर्ज फेटाळले जात नाहीत, परत आलेले तसेच पडून राहतात.

कुठे अर्ज करावा

आठवीतल्या मुलांसाठी एनएमएमएस परीक्षा आहे. शाळा सरकारी, महापालिकेची किंवा अनुदानित असावी आणि पालकांचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. मूल निवडले गेले तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. अर्ज शाळेमार्फत जातो, म्हणून वर्गशिक्षकांना आधीच सांगून ठेवावे. केंद्राची अल्पसंख्याकांसाठीची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती पहिली ते आठवीच्या मुलांसाठी २०२२ पासून बंद आहे. त्या आशेवर बसू नये.

व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. मुलांना शिक्षण शुल्काच्या निम्मी रक्कम मिळते. मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश सरकारी केंद्रीभूत फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा अभिमत विद्यापीठात घेतलेला चालत नाही. लाभ कुटुंबातल्या दोनच अपत्यांना मिळतो. थोरल्याच्या स्वस्त कोर्ससाठी तो वापरायचा की धाकटीच्या महागड्या कोर्ससाठी राखायचा, हे घरात बसून ठरवावे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्याची वेगळी शिष्यवृत्तीही महाडीबीटीवरच आहे. मात्र एकाच वर्षी दोन सरकारी शिष्यवृत्त्या घेता येत नाहीत. आधी हिशोब करावा.

वडील गवंडी, रंगारी, प्लंबर, सेंट्रिंगवाले असतील तर बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. नोंदणी असेल तर दोन मुलांपर्यंत पहिलीपासून पदवीपर्यंत शैक्षणिक मदत मिळते.

ट्रस्टकडे अर्ज करायला लाजू नये. काही ट्रस्टची माणसे घर पाहायला येतात. खोली आहे तशी दाखवावी, दुसरीकडून काही मिळत असेल तर तेही सांगावे. निधी जकातीचा आहे का, हेही विचारून घ्यावे आणि आपण त्यास पात्र आहोत का ते प्रामाणिकपणे तपासावे. आपल्यापेक्षा जास्त अडलेले घर असेल तर ते पैसे त्याचे आहेत.

त्या मुलीचे काय झाले

नोटीस तिच्या दादीच्या पेटीत सापडली, वितरणपत्र आमच्या ओळखीच्या एकाने पुन्हा काढून दिले. आधार बदलले, रेशनकार्ड बदलले, तिसऱ्या वेळी अर्ज पुढे गेला. तोवर पहिल्या हप्त्यासाठी तिच्या अम्मीच्या दोन बांगड्या गहाण पडल्या होत्या. अर्ज मंजूर झाला, पैसे आले, एक बांगडी सुटून आली. दुसरी अजून सोनाराकडे आहे. कागद एप्रिलमध्ये तयार असते तर कदाचित दोन्ही हातातच राहिल्या असत्या.

मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. दर रविवारी जोहरनंतर ती आमच्यासोबत जिन्याखाली टेबल टाकून बसते आणि शेजाऱ्यांचे अर्ज भरून देते. समोर कुणी बसले की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "चाचा, खोली खाली केल्याची नोटीस आणली का?"