कानावर घातलेली तक्रार

वेतनवाढ अडली, रजा नाकारली गेली, कामाची पाळी विनाकारण बदलली, की आपल्या घरांतून एक वाक्य हटकून ऐकू येते : "साहेबांच्या कानावर घातले आहे." इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे पिढ्यान्‌पिढ्या नोकरी करीत आलेल्या आपल्या समाजाला वरिष्ठांची मर्जी सांभाळण्याची सवय जुनी आहे, दरबारी चाकरीचाच तो वारसा असावा. परंतु कानावर घातलेल्या तक्रारीला तारीख नसते, आणि साहेबांची बदली झाली की तो कानही उरत नाही.

आमच्या परिचयातील एका गृहस्थांची वेतनवाढ एका कारखान्यात दोन वर्षे अडून राहिली. तीनदा त्यांनी सांगितले, तीनदा "पाहतो" असे उत्तर मिळाले. नवे अधिकारी आले तेव्हा दप्तरात या प्रकरणाची एक ओळही नव्हती. दरम्यान मुलीच्या महाविद्यालयाचे शुल्क पत्नीच्या पाटल्या गहाण ठेवून भरावे लागले होते.

वस्तुतः लेखी गाऱ्हाणे मराठी माणसाला परके नाही. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सिद्ध केले. आठवड्यास एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या 15 तारखेच्या आत, अशा नेमक्या मागण्या त्यात होत्या. साप्ताहिक सुट्टी मिळण्यास 1890 साल उजाडले. पण मागणी मध्यंतरी विरून गेली नाही.

स्वातंत्र्यानंतर 1958 च्या शिस्तसंहितेबरोबर तक्रारनिवारणाची नमुना पद्धत आली. तीत तोंडी तक्रारीलाही 48 तासांत उत्तर अपेक्षित होते! योजना सुरेख, पण ऐच्छिक. आता 2020 ची औद्योगिक संबंध संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली असून, वीस वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असलीच पाहिजे. तीत मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समसमान असतात आणि अध्यक्षपद दरवर्षी आळीपाळीने फिरते. निर्णयास कामगार प्रतिनिधींपैकी निम्म्याहून अधिकांची संमती लागते. ही तरतूद आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. समितीने 30 दिवसांत काम संपवावयाचे असते. निकाल न पटल्यास 60 दिवसांत कामगार संघटनेमार्फत समेट अधिकाऱ्याकडे जाता येते.

मात्र अर्ज कारण घडल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. आमच्या त्या गृहस्थांसारखी दोन वर्षे 'पाहतो'वर घालविणाऱ्यास ही मुदत केव्हाच चुकलेली असेल.

नोकरी करणाऱ्या लेकीसुनांसाठी एक गोष्ट वेगळी सांगावयास हवी. लैंगिक छळाची तक्रार या समितीकडे नव्हे, तर 2013 च्या कायद्याखालील अंतर्गत समितीकडे, साधारणतः तीन महिन्यांच्या आत करावयाची असते. ती स्वतः लिहिणे शक्य नसेल तर लिहिण्यास साहाय्य करणे समितीवर बंधनकारक आहे.

अर्जाच्या दोन प्रती कराव्यात. एकीवर तारखेसह पोच घ्यावी. पोच नाकारल्यास अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. मजकुरात घटना, दिवस आणि मागणी एवढेच असावे. सेवेची वर्षे व निष्ठा यांचे लांबलचक पुराण नको, त्याचा आपल्याकडे फार सोस. आणि अर्जाची भाषा तेथील असावी : इंदुरास हिंदी, बडोद्यास गुजराती. मुले ती शाळेत शिकली आहेत. त्यांच्याकडून शुद्धलेखन तपासून घेण्यास वडीलधाऱ्यांनी संकोचू नये.