आठवड्याला अर्धा तास

बाळंतपणानंतर नैराश्य आलेल्या स्त्रियांसाठी एडिंबरो परिसरात एक प्रयोग झाला. घरोघर जाणाऱ्या परिचारिकांनी आठ आठवडे, दर आठवड्याला अर्धा तास, बाळंतिणीजवळ बसायचे आणि तिचे ऐकून घ्यायचे. निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी या गटातल्या २६ जणींपैकी १८ जणी पूर्ण बऱ्या झाल्या होत्या. नेहमीचीच सेवा मिळालेल्या २४ जणींपैकी ९. परिचारिकांची जादा तयारी म्हणजे समुपदेशनाचे छोटेसे प्रशिक्षण.

परिचारिकेचा काय, सुईणीचा काय, पेशाच सांगण्याचा: बाळाला असे धर, असे पाज, टाके जप. इथे तिला सल्ला आवरायला शिकावे लागते. ‘इतकं गोड बाळ आहे, मग रडतेस कशाला?’ हे ओठांवर येऊ द्यायचे नाही. मला हेच सर्वांत अवघड वाटते.

शिवाय दुखणे ओळखायचे कसे? झोपमोड आणि थकवा तर प्रत्येक बाळंतिणीला असतो. म्हणून जॉन कॉक्स, जेनी होल्डन आणि रूथ सागोव्स्की यांनी १९८७ मध्ये दहा प्रश्नांची एडिंबरो प्रश्नावली दिली. गेल्या सात दिवसांत हसू आले का, विनाकारण स्वतःला दोष दिला का, असे तिचे प्रश्न. दहावा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी. त्याला ‘कधीच नाही’ याखेरीज दुसरे उत्तर आले, तर एकूण गुण कितीही कमी असोत, तिथेच थांबून पुढे विचारायचे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, हेही प्रशिक्षणात शिकवावे लागते.

पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत संशोधक आतिफ रहमान यांनी अशाच कामासाठी सरकारी आरोग्यसेविकांना अवघ्या दोन दिवसांत तयार केले. घरी गेल्यावर आजाराचे नावच काढायचे नाही; बोलायचे ते बाळाच्या भल्याविषयी. मग सासूही दार अडवत नसे. गरोदरपणातच नैराश्य असलेल्या तिथल्या स्त्रियांपैकी, बाळ सहा महिन्यांचे झाल्यावर, या पद्धतीच्या भेटी मिळालेल्या गटात २३ टक्के आजारी होत्या, दुसऱ्या गटात ५३ टक्के. हे २००८ साली छापून आले.

गोव्यातही अशा मदतीची गरज होती. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात सहा ते आठ आठवड्यांच्या बाळंतिणींपैकी २३ टक्के स्त्रियांना नैराश्य आढळले. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी यांनी धोका वाढत होता. पुढे ‘संगाथ’ संस्थेने रावळपिंडीचीच पद्धत तिथे आणली आणि आजूबाजूच्या साध्या बायकांना ती शिकवली.